शांदलरचं सरपण

आमची ल्युसिल जन्मली ते साल एकोणीसशे एकोणसाठ. मला त्या वेळी आकडे वाचता येत नव्हते. लिहिणं तर फार पुढे आलं. त्यामुळे वर्षं लक्षात राहायची ती कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाच्या लग्नात पाऊस पडला यावरून. ल्युसिल फेब्रुवारीत झाली, आणि ती होईपर्यंतचा तो अख्खा हिवाळा आमच्या घरात बोलणं फक्त सरपणाचं होतं.

घर उतारावर. खाली नदी, नदीपलीकडे कॅनडा, मागे बटाट्याची शेतं आणि शेतांच्या मागे आमचं मेपलचं आणि बर्चचं रान. घरात माणसं चार. सासरे ओनेझिम, सासूबाई वेनेरांद, माझा नवरा रोझेर आणि मी. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं आणि मला दिवस गेले होते.

स्वयंपाकघरात बिडाची मोठी काळी चूल. एका अंगाला पाव भाजायची भट्टी, दुसऱ्या अंगाला पाणी तापायची टाकी, वर पत्र्याची नळी धुराड्यात शिरलेली. चुलीमागच्या भिंतीला लागून एक बारकी खोली. रोझेर त्या खोलीत जन्मला होता, त्याच्या आधी त्याचे वडील, त्यांच्या आधी त्यांच्या थोरल्या बहिणी. पलंगाचं डोकं चुलीच्या भिंतीला टेकलेलं असे, म्हणजे बाळंतिणीच्या पाठीला ऊब मिळावी. माझं पोट दिसायला लागल्यावर सासऱ्यांनी माळ्यावरून पाळणा काढला, पुसला, त्याच्या एका पायाची खिळखिळ खिळा ठोकून बसवली आणि त्या खोलीत नेऊन ठेवला. येता-जाता खोलीत डोकावायचे.

आता सरपण का नव्हतं ते सांगते. ओनेझिमच्या घरी सरपण नाही, हे गावात कुणाला सांगितलं असतं तर हसला असता. आमच्या दाराशी कायम दोन राशी असायच्या. एक यंदा जाळायची, एक पुढच्या वर्षीची. पण आदल्या हिवाळ्यात थंडी अशी पडली की डोंगराच्या पोटातलं बटाट्याचं कोठार गोठायला आलं. बटाटा एकदा गोठला की आतून काळा पडतो, कुणी घेत नाही. कोठारात बारकी चूल होती, ती रात्रंदिवस पेटती ठेवली. ओलं लाकूड तिथे चालत नाही, ते धुमसतं, आणि धुराचा वास बटाट्याला लागतो. म्हणून पुढच्या वर्षीची सुकी रास गेली. आमच्याकडचा माणूस घरात दोन कोट घालून बसेल, बटाट्याला मात्र थंडी वाजू देणार नाही.

"जाऊ दे," सासरे म्हणाले होते. "मार्चमध्ये दुप्पट तोडू."

मार्चमध्ये तोड सुरू केली. झाडात रस चढायच्या आत लाकूड पाडायचं, बर्फ वितळेपर्यंत फोडायचं आणि वाऱ्याला रचून ठेवायचं, ही आमची रीत. तोडीचा पहिला आठवडाही संपला नव्हता, तोच वर अडकलेली एक मोडकी फांदी सुटली आणि सासऱ्यांच्या मांडीवर आली. हाड मोडलं. उन्हाळा उलटेपर्यंत पाय प्लास्टरमध्ये. रोझेर एकटा पडला. गाई, बियाण्याचे बटाटे, लावणी. तो रानात गेला तेव्हा जून लागला होता. झाडांना पालवी फुटलेली, बुंध्यात रस मावत नव्हता. करवत लावली की कापातून पाणी गळायचं. ते लाकूड ऑगस्टमध्ये फोडलं, सप्टेंबरात सगळं गाव बटाटे काढायला वाकलं, आणि मग बर्फ आलाच.

नोव्हेंबरात एके सकाळी सासूबाईंनी उरलंसुरलं सुकं सरपण संपलं म्हणून त्या नव्या राशीतली फाटी चुलीत घातली आणि प्लॉय करायला घेतले. प्लॉय म्हणजे आमच्या पिवळ्या कुट्टूच्या पिठाचे घावन. आमच्याकडे जेवण त्याशिवाय होत नाही. पीठ पातळ भिजवायचं, चुलीच्या तापल्या पत्र्यावर ओतायचं, उलटायचं नाही. आच खणखणीत असली की वरती जाळी पडते, सगळा घावन डोळ्यांनी भरतो. त्या डोळ्यांत लोणी मुरतं.

त्या सकाळी जाळी पडेना. पीठ ओतलं ते तसंच बसलं, चिखलासारखं. चुलीत लाकूड सूं सूं करत होतं, त्याच्या दोन्ही टोकांतून फेस येत होता.

"रडतंय," सासूबाई म्हणाल्या. "ऐकतेस ना गं? आपण याला जाळतोय म्हणून रडतंय."

"पाणी उकळतंय त्यात," रोझेर म्हणाला. "सगळी आच ते पाणी उकळण्यात चाललीय."

"मग किटली तरी कशाला ठेवू? लाकडातूनच चहा काढते."

सासऱ्यांनी तो गिच्च प्लॉय घेतला, लोणी लावलं. लोणी वरच राहिलं. त्यांनी तो गुंडाळला आणि मान खाली घालून खाल्ला. दुसरा मागितला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

रस्त्यापलीकडे फोर्तुना राहायचा. सासऱ्यांच्याच वयाचा, शाळेत त्यांच्याच बाकावर बसलेला. दोघांची चाळीस वर्षं एकच चढाओढ: कुणाची रास चांगली. फोर्तुनाची रास म्हणजे बघण्यासारखी चीज. फाटी सगळी एका लांबीची, साल वरच्या अंगाला, कोपऱ्यांवर आडवी-उभी विणलेली. दोन उन्हाळे वारा खाल्लेलं लाकूड. टोकांना चांदणीसारख्या भेगा गेलेल्या. दोन फाटी एकमेकांवर आपटली की टण्ण आवाज यायचा. चर्चमधून येताना लोक त्याच्या राशीशी थांबून बोलायचे, आणि त्याला ते माहीत असायचं.

तो आमच्या धुराकडे बघायचा. त्याच्या धुराड्यातून नुसती हवा थरथरायची, आमच्यातून पांढरा लोट निघायचा आणि अंगणावर बसायचा.

"काय रे ओनेझिम," एके दिवशी त्याने दारातूनच हाक दिली. "नवा पोप निवडला की काय? एवढा पांढरा धूर?"

"आत ये आणि दार लाव," सासरे म्हणाले. "बाहेरची थंडी फुकट देऊ नकोस."

फोर्तुना आत आला, कोट काढायला लागला आणि थांबला. कोट तसाच ठेवून बसला. मला तो थांबलेला हात अजून दिसतो. सासऱ्यांनाही दिसला.

त्याच वेळी सासूबाईंनी भट्टीचं दार उघडलं. आत पाव नव्हते. लाकडं होती. रोझेरने फाटी भट्टीत रचून ठेवली होती, रात्रभरात जरा सुकतील म्हणून. फोर्तुनाने वाकून पाहिलं.

"वेनेरांदवहिनी, हे भाजून झालं की लोणी लावून खाता का?"

"तुझ्यासाठीच ठेवलंय," सासूबाई म्हणाल्या. "तीस वर्षं या भट्टीत पाव भाजले. आता म्हातारपणी सरपण भाजायला शिकतेय."

सगळे हसलो. सासरेही हसले, पण त्यांचा हात कुबडीच्या दांड्यावर घट्ट होता.

फोर्तुना मग आवाज उतरवून म्हणाला, "ऐक. माझ्याकडे दोन वर्षांचं आहे. गाडी जोडतो नि टाकून जातो. पोरीला सहावा महिना आहे."

"माझ्याकडे सरपण आहे."

"ते सरपण नाही, ती झाडं आहेत. पाखरं घरटी बांधतील त्यात."

"माझ्या घरात दुसऱ्याचा जाळ पेटलेला नाही," सासरे म्हणाले. "आजवर नाही."

फोर्तुना उठला. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. रोझेर त्याच्यामागे दारापर्यंत गेला आणि परत आला. वडिलांच्या पुढे जायची त्याची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर जून महिन्यात ते लाकूड त्यानेच पाडलं होतं, त्यामुळे त्याला दुहेरी लाज होती.

डिसेंबर तसाच काढला. सकाळी उठलं की टाकीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा. खिडकीच्या काचा आतल्या बाजूने पांढऱ्या. चुलीत लाकूड भरायचं, भाता मारायचा, डोळे पुसायचे. नळीच्या सांध्यातून काळं डांबर ठिबकायला लागलं. सासूबाईंनी तिथे तारेने टिनाचा डबा बांधला. तरी एक थेंब एकदा पिठाच्या भांड्यात पडलाच. सासूबाईंनी ते पीठ डुकराला घातलं. डुकराने तोंड फिरवलं.

माझं पोट वाढत होतं आणि मी चुलीला चिकटून बसायचे. पुढून भाजायचं नाही, मागून गार. रोझेर दिवसभर लाकडं आणखी बारीक फोडायचा, बोटाएवढी, कारण बारीक असलं तर जरा तरी पेटायचं. त्याच्या तळहाताला भेगा पडल्या होत्या. मी त्यांत गाईच्या सडाला लावायचं मलम भरायचे.

"पोरगं झालं तर त्याला पहिली कुऱ्हाडच देणार," तो म्हणायचा.

"पोरगी झाली तर?"

"तिला दोन. ती तुझ्यावर गेली तर एक पुरायची नाही."

जानेवारीत एका दुपारी धुराडं पेटलं. आत साचलेल्या डांबराने पेट घेतला. रेल्वे घरावरून जावी तसा आवाज यायला लागला, नळी लाल झाली. रोझेरने हवेची झडप बंद केली आणि मिठाचं अख्खं गाठोडं आगीवर ओतलं. सासूबाई आणि मी पोती भिजवून उभ्या राहिलो. सासरे कुबडी टाकून बाहेर बर्फात उभे, छपराकडे बघत, ठिणगी पडते का ते पाहत. आवाज हळूहळू बसला. घर वाचलं. धुराड्याच्या एका विटेला तडा गेला, तो रोझेरने चिकणमातीने लिंपला.

फोर्तुनाची बायको एडमे धावत आली होती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. ती आधी माझ्याकडे आली, पोटावर हात ठेवला, कान लावला. मग चुलीमागच्या खोलीत गेली आणि तिथल्या भिंतीला तळहात लावला. बाहेर येऊन सासऱ्यांच्या समोर उभी राहिली.

"भाऊजी, मी स्पष्ट बोलते. नुकतं जन्मलेलं मूल या घरात मी ठेवणार नाही. भिंत गार आहे. धूर आहे. आणि आज हे झालं."

सासऱ्यांनी चुलीच्या नळीकडे पाहिलं.

"शांदलरपर्यंत बघते," एडमे म्हणाली. "तोवर ही खोली गरम झाली तर ठीक. नाहीतर हिला आईकडे शहरात पाठवा. तिथे घर तापवायची तेलाची भट्टी आहे, बाळंतपण तिथेच होऊ दे."

"एडमेमावशी, मला इथेच—" मी म्हणायला गेले.

"तुला काय हवंय ते मला माहीत आहे बाई. मी मुलाचं बोलतेय."

शांदलर म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीचा मेणबत्त्यांचा सण. चर्चमध्ये मेणबत्त्या पावन करून घरी आणतात, आणि त्या जन्माला आणि मरणाला लावायला जपून ठेवतात. त्यानंतर संध्याकाळी एका घरी सगळ्या वस्तीचं पॅनकेकचं जेवण.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेले तर पाळणा नव्हता. माळ्याच्या जिन्यावर आवाज आला म्हणून पाहिलं. सासरे एक एक पायरी चढत होते, दुखरा पाय मागे ओढत, आणि पाळणा छातीशी धरला होता. मी हाक मारली नाही. त्यांनी मला पाहावं असं मला वाटलं नाही. मी परत स्वयंपाकघरात आले आणि चुलीत फुंकत बसले. डोळ्यांत धूर गेला, ते बरंच झालं.

आईने निरोप पाठवला की खोली तयार आहे. शांदलरच्या दुसऱ्या दिवशी भाऊ घ्यायला येणार असं ठरलं. मी कपड्यांची पेटी भरली. सासूबाईंनी तिच्यात लोकरीचे मोजे घातले, पुन्हा काढले, पुन्हा घातले.

"तिथे उकडेल तुला," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग काढते."

"राहू द्या आई."

सणाच्या दिवशी चर्चमधून मेणबत्ती आणली. दुपारी शांदलरची फेरी निघते. पुढारी रंगीत फितींची काठी घेऊन पुढे, मागे वस्तीतली माणसं, फिडल वाजवत, दारोदार. प्रत्येक घरी नाचायचं आणि ते घर पीठ, अंडी, चरबी, जे देईल ते घसरगाडीत घालायचं. देणारं घर काठीला एक फीत बांधतं. शेवटी पुढारी ज्या दारात काठी रोवेल त्या घरी जेवण. त्या घराने नाही म्हणायचं नसतं. आमच्या वस्तीत कधी कुणी म्हटलेलं नाही.

त्या वर्षी पुढारी फोर्तुना होता. फिडल ऐकू आली तशी सासूबाईंनी टोपलीत अंडी काढून ठेवली, आमच्या वाट्याची. आम्ही खिडकीची काच नखाने खरवडून पाहिलं. रस्त्यावर एक सोडून चार घसरगाड्या, घोडे वाफ सोडताहेत. आणि गाड्यांत पीठ नव्हतं. पुढच्या गाडीत एक पोतं आणि एक अंड्यांची टोपली दिसत होती. बाकी सगळं लाकूड.

फोर्तुना आमच्या दाराशी आला आणि त्याने काठी पायरीजवळच्या बर्फात रोवली.

सासरे दारात उभे राहिले. एक हात चौकटीला, दुसरा कुबडीवर. वाट पूर्ण अडलेली. फिडल थांबली.

"हे काय आणलंस?" ते म्हणाले.

"शांदलरचं आहे," फोर्तुना म्हणाला. "घरोघर जे दिलं ते घेतलं. यंदा लोकांनी लाकूड दिलं. मी काय करू?"

"लोकांनी दिलं की तू मागितलंस?"

"मागितलं. पुढाऱ्याने मागायचं असतं. तुझ्या बापाने एका वर्षी नुसते कांदे मागितले होते, आठवतंय ना? सगळी वस्ती चार दिवस एकमेकांच्या जवळ जात नव्हती."

मागून कुणीतरी हसलं. सासरे हसले नाहीत.

"मी म्हटलं होतं तुला, माझ्या घरात दुसऱ्याचा जाळ नाही."

"हा दुसऱ्याचा कुठे आहे? माझं लाकूड तुला दिलं तर ते माझं. हे शांदलरचं. त्यात तुझीही अंडी पडणारच आहेत. आणि सण ज्या घरी झाला, उरलेलं त्या घरी राहतं. ही रीत मी काढली नाही." मग त्याने हात चोळले. "काठी रोवलीय ओनेझिम. आता उपटायला लावू नकोस. गारठलोय मी."

सगळे वाट बघत उभे होते. घोड्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा तेवढा आवाज. मी सासऱ्यांच्या मागे होते. त्यांची पाठ मला दिसत होती, आणि मी माझा हात पोटावर धरला होता. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे, मग दाराशी बांधून ठेवलेल्या माझ्या पेटीकडे.

मग ते पायरी उतरले. सगळ्यांना वाटलं काठी उपटतात. ते काठीला वळसा घालून पुढे गेले, फोर्तुनाला वळसा घालून पुढे गेले, थेट आमच्या ओल्या राशीपाशी. बर्फ झटकला, एक जाड फाटं काढलं, काखेत मारलं, आणि कुबडी टेकत येऊन फोर्तुनाच्या गाडीत टाकलं.

"अरे, हे काय?"

"गाडी रिकामी न्यायची नाही," सासरे म्हणाले. "आधी तुझं उतरव, मग हे भर. गाडीला गाडी. सगळ्यांच्या गाड्यांत."

"हे ओलं घेऊन मी काय करू?"

"सुकव. तुला लाकूड सुकवता येतं असं चाळीस वर्षं ऐकतोय. एकदा बघू तरी दे."

फोर्तुना एवढ्या मोठ्याने हसला की पुढचा घोडा बिचकला. फिडलवाल्याने गज टेकवला आणि सगळी माणसं कामाला लागली. सुकं उतरवायचं, ओलं भरायचं. एक जण सासऱ्यांच्या हातातलं फाटं घ्यायला गेला तर त्यांनी त्याला कुबडी दाखवली. रोझेर दोन्हीकडे धावत होता, त्याचे कान लाल झाले होते आणि तो गात होता. लग्नातही गायला नव्हता तो.

सासूबाईंनी चुलीतलं धुमसणारं सगळं चिमट्याने काढून बाहेर बर्फात फेकलं. ते तिथेही सूं सूं करत राहिलं. राखेच्या वर बर्चची साल ठेवली, त्यावर फोर्तुनाच्या मेपलची फाटी. काडी लावली. भाता हातात धरून मी तयार उभी होते. भाता लागलाच नाही. लाकडाने श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि जाळ वर गेला. धूर नाही, फेस नाही, डोळ्यांना पाणी नाही. नुसता पिवळा स्वच्छ जाळ, आणि मधूनमधून एखादा तडाका. थोड्या वेळात चूल टिकटिक करायला लागली, बीड तापताना करतं तशी. तो आवाज त्या घरात हिवाळाभर झाला नव्हता. मांजर माळ्यावरून उतरलं, चुलीखाली गेलं आणि पाय वर करून पडलं.

"पत्रा बघ गं," सासूबाई म्हणाल्या.

मी बोट ओलं करून पत्र्यावर टेकवलं. चर्र झालं. त्यांनी पीठ ओतलं. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. आधी कडेला एक डोळा उघडला, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता सगळा प्लॉय जाळीने भरला. सासूबाईंनी एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं.

"आता धूर नाहीये आई," मी म्हटलं.

"सवय लागलीय," त्या म्हणाल्या.

पहिला प्लॉय सासऱ्यांना दिला. त्यांनी लोणी लावलं, ते आत मुरेपर्यंत बघत बसले, मग अर्धा फाडून फोर्तुनापुढे केला.

स्वयंपाकघरात माणसं मावत नव्हती. आधी मफलर निघाले, मग कोट, मग स्वेटर. कोटांचा ढीग पलंगावर, त्याच्यावर दोन पोरं झोपलेली. खिडक्यांवरचा बर्फ वितळून चौकटीवरून ओघळत होता. शांदलरच्या जेवणात प्रत्येकाने आपला पॅनकेक तव्यावर उडवून झेलायचा असतो. झेलला तर वर्ष चांगलं. फोर्तुनाचा उडाला तो नळीच्या कोपराला जाऊन चिकटला आणि तिथेच भाजला.

"रचायला लाकूड बरं," सासरे म्हणाले. "ते उडत नाही."

त्यांनी स्वतःचा कुबडीवर भार टाकून एका हाताने उडवला. तो वर गेला, दिव्यापाशी एकदा फिरला आणि सपकन तव्यात बसला. म्हाताऱ्याने इकडे तिकडे बघितलंसुद्धा नाही, जणू हे रोजचंच.

एडमे या सगळ्यात कुठे दिसेना. मी चुलीमागच्या खोलीत गेले तर ती भिंतीला पाठ लावून उभी होती, डोळे मिटून.

"मावशी?"

"उबदार आहे," ती म्हणाली. "दोन मिनिटं उभी राहू दे. माझी कंबर महिनाभर दुखतेय." मग डोळे उघडून म्हणाली, "पेटी सोड तुझी."

मी बाहेर आले. सासरे खुर्चीवर नव्हते. जिन्यावर पाय ओढल्याचा आवाज येत होता, या वेळी वरून खाली. रोझेर उठायला लागला, मी त्याची बाही धरली. पाळणा घेऊन ते एकटेच उतरले, माणसांनी वाट करून दिली, फिडलवाला वाजवत राहिला.

सकाळी भाऊ घ्यायला आला. त्याने पोटभर प्लॉय खाल्ले आणि पेटी न घेता परत गेला.

त्याच आठवड्यात कळा सुरू झाल्या. बाहेर वादळ होतं, नदी दिसत नव्हती. मी त्या पलंगावर, डोकं चुलीच्या भिंतीकडे. एडमे माझ्या पायाशी, सासूबाई हाताशी. पावन केलेली मेणबत्ती खिडकीत. रोझेरला एडमेने गोठ्यात पिटाळलं होतं. चुलीपाशी सासरे होते. त्यांनी ते काम कुणाला दिलं नाही.

आमच्याकडे प्रत्येक घराची फोडायची पद्धत वेगळी. कुणी जाड फोडतो, कुणी बारीक, कुणाची कुऱ्हाड तिरकी लागते. लाकूड हातात घेतलं की घर कळतं. भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज येत होता. झाकण उचलायचे, फाटं घालायचे आणि स्वतःशीच बोलायचे.

"हा फोर्तुनाचा मेपल... ही त्या विधवा फिलोमेनची बर्च, स्वतः फोडते बाई, गाठ चुकवलीय बघ... हे पाद्रीबुवांचं, यांना कुऱ्हाड कुणी दिली कोण जाणे..."

मला हसू आलं. कळ आली तरी हसू आलं.

"हसू नकोस, जोर लाव," एडमे म्हणाली.

"बाबांना गप्प करा मग."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "बोलू दे. आज सगळी वस्ती आत येतेय."

दुपारी ल्युसिल झाली. तिला पुसलं, गुंडाळलं, आणि भट्टीचं दार उघडून त्याच्यासमोर पाळणा ठेवला. ती रडली, मग ऊब लागली तशी गप्प झाली आणि मुठी सोडल्या. सासरे वाकून बघत राहिले. हात काळे होते म्हणून तिला लावले नाहीत. धुऊन आले आणि मग लावले.

पुढच्या मार्चमध्ये सासरे आणि रोझेर दोघे रानात गेले आणि दोन वर्षांचं सरपण तोडलं. आमच्या दाराशी पुन्हा दोन राशी लागल्या. कोठारासाठी तिसरी वेगळी, आणि तिच्याकडे घरासाठी कुणी बघायचं नाही, तसंच घरच्या राशींकडे कोठारासाठी बघायचं नाही, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं.

फोर्तुनाने आमचं ओलं लाकूड आपल्या राशीत मिसळलं नाही. रस्त्याच्या कडेला, उघड्या वाऱ्यावर, वेगळं रचलं. दोन उन्हाळे ठेवलं. सासरे चर्चमधून येताना तिथे थांबायचे आणि एखादं फाटं उचलून हातावर तोलायचे. तिसऱ्या हिवाळ्यात ल्युसिल दुडूदुडू चालत होती, तेव्हा एका सकाळी फोर्तुना आला, कोट काढून खुंटीला लावला आणि बसला.

"काल तुझं लाकूड जाळलं," तो म्हणाला.

सासरे चुलीत बघत राहिले. "मग?"

"ठीक आहे."

सासऱ्यांनी सासूबाईंना खूण केली. त्यांनी पीठ भिजवायला घेतलं.

फोर्तुना एकोणीसशे अडुसष्टच्या ऑक्टोबरात गेला, बटाटे निघाल्यावर. एडमे त्याच्यानंतर सहा वर्षांनी. सासूबाई वेनेरांद एकोणीसशे सत्तरच्या उन्हाळ्यात गेल्या. सासरे ओनेझिम एकोणीसशे एकाहत्तरच्या मार्चमध्ये, चुलीमागच्या खोलीत, दुपारी गेले. ल्युसिलने खिडकीत मेणबत्ती लावली. त्या वर्षीची तोड सुरू झाली होती, आणि रोझेरने सगळं लाकूड बर्फ वितळायच्या आत फोडून रचलं.